पिन बसली म्हणजे वेग मिळाला असे नाही
संगणकाच्या केबलविषयी दुकानदार व कारागिरांसाठी काही उपयुक्त माहिती

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत आज संगणक फक्त कार्यालयांत राहिलेला नाही. लग्नाचे शूटिंग करणारा छायाचित्रकार, फ्लेक्स छापणारा, देसाईगंजचा धान्य व्यापारी, सागवानी दारांवर यंत्राने नक्षी काढणारा सुतार, आधारवर अंगठा घेऊन पैसे देणारा सेवा केंद्रचालक, या सर्वांच्या टेबलावर तो आहे. संगणकाबरोबर प्रिंटर, स्कॅनर, वजनकाटा, अंगठ्याचे मशीन, हार्ड डिस्क अशी जोडयंत्रे आली आणि त्यांच्यासोबत वायरींचे जाळेही आले.

काम अडले की आपण पहिला दोष मशीनला देतो. मशीन दुरुस्तीसाठी नागपूरला पाठवतो, दोन-चार दिवस धंदा बंद राहतो आणि शेवटी कळते की दोष शंभर-दोनशे रुपयांच्या केबलचा होता. सिरोंचा किंवा एटापल्लीच्या दुकानदाराला तर जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यातच दिवस जातो. म्हणून केबलचे ज्ञान हे आपल्या धंद्याचेच ज्ञान समजावे.

पूर्वीची अडचण आणि तिच्यावरील उपाय

नव्वदच्या दशकात संगणकाच्या मागे नाना आकारांची भोके असत. प्रिंटरला पंचवीस पिनांचा रुंद जोड, वजनकाट्याला किंवा मोडेमला नऊ पिनांचा, कीबोर्ड आणि माऊसला गोल जोड. प्रत्येकाची केबल वेगळी. बहुतेक यंत्रे जोडण्यापूर्वी संगणक बंद करावा लागे.

हा गोंधळ मिटवण्यासाठी १९९४ मध्ये सात मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी या जोडाचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. या कामात इंटेल कंपनीतील अजय भट्ट या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा होता. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. चपटी पिन पहिल्यांदा उलटी लागते, ही सर्वांची तक्रार त्यांनाही मान्य आहे. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन केली असती तर तारा वाढल्या असत्या आणि खर्चही वाढला असता. म्हणून ती तशी ठेवली, असे त्यांनी सांगितले आहे. उलट-सुलट कशीही बसणारी टाइप-सी पिन २०१४ मध्ये आली.

वेगाचा हिशेब

यूएसबीचा वेग टप्प्याटप्प्याने वाढला. १९९६ मध्ये तो सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट होता. २००० मधील यूएसबी २.० ने तो ४८० मेगाबिट केला. २००८ मधील यूएसबी ३.० ने ५,००० मेगाबिट आणि २०१९ मधील यूएसबी ४ ने ४०,००० मेगाबिटपर्यंत नेला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आठ बिट मिळून एक बाइट होतो आणि आपल्या फायली बाइटमध्ये मोजल्या जातात. म्हणजे ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात हाती साधारण ३० ते ४० पडतात.

उदाहरण घ्या. लग्नाचे चित्रीकरण ६४ जीबीच्या कार्डावर भरले आहे. यूएसबी २.० च्या कार्ड रीडरने सेकंदाला ३२ मेगाबाइट धरले तर ते उतरवण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतील. यूएसबी ३.० चा रीडर आणि ९० मेगाबाइट वेगाने वाचले जाणारे कार्ड असेल तर १२ मिनिटे पुरतील. लग्नसराईत एका दिवसाला तीन-चार कार्डे येत असतील, तर हा फरक रात्रीच्या तास-दीड तासाचा होतो.

परंतु कार्डच मंद असेल तर महाग रीडर काही करू शकत नाही. हे आपल्या भागातील लोकांना रेल्वेच्या उदाहरणाने लगेच पटेल. गोंदिया ते चांदा फोर्ट हा मार्ग नव्वदच्या दशकात रुंद रुळांचा झाला. मात्र नागभीड ते नागपूर मार्ग अडीच फुटी अरुंद रुळांचाच राहिला आणि तो रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाला. तोपर्यंत नागभीडला उतरून गाडी बदलावी लागे आणि पुढचा प्रवास छोट्या गाडीच्याच चालीने होई. संगणकाचेही तसेच आहे. यंत्र, केबल, संगणकाचे भोक आणि डिस्क, या चौघांत जो सर्वांत मंद, त्याचाच वेग संपूर्ण कामाला मिळतो.

आकार एक, पोटात वेगळे

फसवणूक होते ती येथे. टाइप-सी हे पिनेच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नाही. टाइप-सी पिन असलेल्या कितीतरी मोबाइलचा वेग यूएसबी २.० एवढाच असतो. २०२३ मधील साध्या आयफोन १५ मध्येही टाइप-सी पिन देऊन वेग ४८० मेगाबिटच ठेवला होता. मोबाइलसोबत मिळणारी केबलही बहुधा त्याच वेगाची असते.

याहून वाईट म्हणजे काही स्वस्त केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात. माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. अशा केबलीने मोबाइल चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसत नाही. तपासणी सोपी आहे. दुकानातच मोबाइल संगणकाला जोडा आणि एक फोटो उतरवून पाहा. उतरला नाही तर ती बहुधा डाटा केबल नव्हे.

यूएसबी ३.० च्या चपट्या भोकात बहुधा निळी पट्टी असते. काळ्या पट्टीचे भोक बहुधा जुन्या वेगाचे असते. वेगवान डिस्क नेहमी निळ्यात लावावी.

कामाप्रमाणे केबल

प्रिंटर : साध्या प्रिंटरला यूएसबी २.० ची केबल पुरते. महाग केबलीने छपाई वेगाने होत नाही. लांबी मात्र पाच मीटरपेक्षा जास्त नको.

अंगठ्याचे मशीन : येथे प्रश्न गिऱ्हाइकाच्या पोटाचा आहे. बांबू किंवा मातीकाम करणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे ‘तुमचा अंगठाच लागत नाही’ असे सांगून म्हाताऱ्या माणसाला परत पाठवले जाते. आधी पाहावे की संगणकाला किंवा मोबाइलला मशीन दिसते का. दिसतच नसेल तर दोष अंगठ्याचा नाही. केबल, जोड किंवा मशीनची सेवा तपासावी. एक जादा केबल गल्ल्यात ठेवली तर एखाद्या माणसाची वीस कोसांची फेरी वाचेल.

वजनकाटा : बऱ्याच काट्यांना अजून नऊ पिनांचा जोड आहे आणि नव्या लॅपटॉपला ते भोक नाही. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो. तो रोज त्याच भोकात लावावा. भोक बदलले की संगणक त्याला नवा क्रमांक देऊ शकतो आणि बिलाच्या प्रोग्रामला काटा सापडत नाही.

नक्षीचे सीएनसी यंत्र : मोटारीच्या वायरीजवळून यूएसबी केबल नेल्यास विजेच्या गडबडीने जोड मध्येच तुटतो आणि सागवानाची फळी वाया जाते. केबल आखूड व जाळीचे आवरण असलेली घ्यावी आणि मोटारीच्या वायरीपासून दूर ठेवावी. यंत्रात सोय असेल तर नक्षीची फाइल पेन ड्राइव्हने द्यावी.

हार्ड डिस्क : यूएसबी २.० च्या भोकातून अर्धा अँपिअर आणि ३.० मधून ०.९ अँपिअर वीज मिळण्याची हमी असते. डिस्क टक-टक आवाज करून बंद पडत असेल तर वीज कमी पडत असण्याची शक्यता आहे. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब वापरून पाहावा.

खरेदीचे चार नियम

१. दुकानात काम सांगा, नुसता आकार सांगू नका. ‘टाइप-सी द्या’ असे न म्हणता ‘कार्ड उतरवायला हवी’ किंवा ‘लॅपटॉप चार्ज करायला हवी’ असे म्हणा. साठ वॅटपेक्षा जास्त शक्तीसाठी खास चिप असलेली केबल लागते.

२. घरी आणताच केबलवर चिकटपट्टी लावून काम आणि तारीख लिहा.

३. केबल ओढून काढू नका, पिन धरून काढा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती पत्र्याखाली किंवा उन्हात टांगू नका.

४. दुकानाचे अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग खराब असेल तर प्रिंटर जोडताना झटका बसतो आणि भोक जळते.

जे बंधू स्वतः केबली विकतात त्यांच्यासाठी एक शब्द. चार्जिंगची आणि डाटाची केबल वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि गिऱ्हाइकाला फरक सांगूनच द्या. माल सारखा दिसतो म्हणून एकाच भावात खपवणे हे काट्यात मारण्यासारखेच आहे. ज्या दुकानी खरे सांगितले जाते, तेथे अहेरीचा माणूसही पुन्हा येतो.