स्थलांतरितांची स्थानबद्धता आणि मानवी हक्कांचा कायदा

गुन्हा केलेल्या मनुष्यावर आरोप ठेवला जातो, खटला चालतो आणि दोष सिद्ध झाल्यास ठराविक मुदतीची शिक्षा होते. अशा कैद्याला आपल्या सुटकेचा दिवस बहुधा ठाऊक असतो. परंतु जगातील अनेक देशांत असेही लोक बंदिस्त आहेत, ज्यांना ही तारीख कोणीही सांगू शकत नाही. व्हिसाची मुदत उलटलेला कामगार, कागदपत्रांविना सीमा ओलांडलेले कुटुंब, छळाच्या भयाने आश्रय मागणारा निर्वासित, कोणत्याच देशाने आपला न मानलेला नागरिकत्वहीन मनुष्य हे सारे त्यांत येतात. ही शिक्षा नसून चौकशी किंवा परत पाठवणी होईपर्यंतची प्रशासकीय व्यवस्था आहे, असे शासनांचे म्हणणे असते. शिक्षा नाही म्हणून मुदत नाही आणि मुदत नाही म्हणून सुटका अनिश्चित, असा हा पेच आहे. शिक्षण व रोजगारासाठी आपली मुलेमुली परदेशी जात असताना या विषयाची ओळख आपणा सर्वांस असणे अगत्याचे आहे.

हक्कांचा पाया

१९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या नवव्या अनुच्छेदाने कोणासही मनमानी पद्धतीने अटक किंवा स्थानबद्ध करण्यास मनाई केली. जाहीरनाम्यातील हे तत्त्व १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात बंधनकारक झाले. त्याच्या नवव्या अनुच्छेदानुसार अटकेचे कारण तत्काळ सांगितले पाहिजे, स्थानबद्धतेची वैधता न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क असला पाहिजे आणि बेकायदा अटक झाल्यास भरपाई मिळाली पाहिजे. दहावा अनुच्छेद सांगतो की बंदिस्त व्यक्तीला माणुसकीने व तिच्या प्रतिष्ठेचा मान राखून वागविले पाहिजे. बालकांविषयी १९८९ च्या बालहक्क करारातील ३७ वा अनुच्छेद अधिक कठोर आहे. मुलाला बंदिस्त करणे हा शेवटचाच उपाय असावा आणि तोही शक्य तितक्या अल्प काळासाठी, असा त्याचा दंडक आहे.

दोन निर्णय

ही तत्त्वे प्रत्यक्षात कशी लागू होतात, हे दोन निर्णयांवरून समजून घेऊ. पहिला निर्णय एका भारतीय नागरिकाच्या प्रकरणातील आहे. हरदियाल सिंग यांची इंग्लंडमधील तुरुंगवासाची शिक्षा १९८३ मध्ये संपली. तथापि देशाबाहेर पाठवण्याचा आदेश असल्याने त्यांना पुढेही डांबून ठेवण्यात आले. प्रवासाची कागदपत्रे मिळत नव्हती आणि प्रशासनाचे काम रेंगाळले होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात न्यायमूर्ती वुल्फ यांनी जी तत्त्वे मांडली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात. स्थानबद्धतेचा अधिकार केवळ परत पाठवणीसाठीच वापरता येतो. तो वाजवी काळापुरताच असतो. वाजवी काळात पाठवणी शक्य नाही असे दिसू लागताच तो वापरता येत नाही आणि शासनाने तत्परतेने हालचाल केली पाहिजे.

दुसरे प्रकरण ऑस्ट्रेलियातील आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात कंबोडियाचा एक नागरिक नावेने तेथे पोहोचला व त्याने आश्रय मागितला. चार वर्षांहून अधिक काळ तो एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलविला जात बंदिस्त राहिला. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने या प्रकरणात नवव्या अनुच्छेदाचा भंग झाल्याचा निष्कर्ष काढला. बेकायदा प्रवेश झाला म्हणून प्राथमिक चौकशीपुरते थांबवून ठेवता येईल. परंतु पुढे त्या विशिष्ट व्यक्तीबाबत, उदाहरणार्थ ती पळून जाण्याची शक्यता आहे, असे ठोस कारण दाखवावे लागेल. न्यायालयाला केवळ कागद तपासण्याचा अधिकार पुरेसा नाही. सुटकेचा आदेश देण्याचे सामर्थ्यही हवे, असे समितीने स्पष्ट केले. ऑस्ट्रेलियाच्या शासनाने हे मत स्वीकारले नाही. तेथील उच्च न्यायालयानेही २००४ मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने अनिश्चित काळाची स्थानबद्धता वैध ठरविली. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्यानमारमध्ये जन्मलेल्या एका नागरिकत्वहीन रोहिंग्या मनुष्याच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने आपला जुना निर्णय एकमताने फिरविला. नजीकच्या भविष्यात परत पाठवणी व्यवहारतः शक्य नसेल, तर बंदिस्त ठेवता येणार नाही, हे तेथे मान्य होण्यास एवढा काळ लागला.

भारतीय संविधान

आपल्या संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. संविधान सभेत या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’ ही शब्दयोजना गळाली. तेव्हा त्या उणिवेची काही अंशी भरपाई व्हावी, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी नवे कलम मांडले. तेच आजचे २२ वे कलम होय. अटकेची कारणे कळणे, वकिलाचे साहाय्य मिळणे व चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे, ही संरक्षणे त्यातूनच आली. शत्रुराष्ट्रातील परकीय व प्रतिबंधक स्थानबद्धता हे त्याचे अपवाद आहेत.

१९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा बांधवांच्या प्रकरणात, मनुष्य नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. आसाममध्ये परकीय ठरवून तीन वर्षांहून अधिक काळ बंदिस्त ठेवलेल्यांना जामीनदार व पोलिसांकडील साप्ताहिक हजेरी अशा अटींवर सोडण्याचा आदेश १० मे २०१९ रोजी झाला. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात ही मुदत दोन वर्षांवर आणली गेली. मात्र मर्यादाही जाणून घ्याव्यात. भारत १९५१ च्या निर्वासित कराराचा पक्ष नाही. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारताना आपण नवव्या अनुच्छेदाबाबत राखीव भूमिका घेतली. देशात वास्तव्य करण्याचा हक्क केवळ नागरिकांचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात म्हटले. म्हणजे २१ वे कलम राहण्याचा परवाना देत नाही. बंदिस्त असताना न्याय्य वागणुकीची हमी मात्र देते.

ध्यानात ठेवण्याजोगे

आपले कोणी परदेशी अशा प्रसंगात सापडले, तर पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. अटकेचे कारण समजेल अशा भाषेत मागावे. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या अनुच्छेदानुसार आपल्या वकिलातीला कळविण्याची मागणी करता येते. स्वदेशातील शासनापासूनच भय असलेल्या आश्रयार्थ्यास मात्र ही मागणी करणे बंधनकारक नाही. न समजलेल्या कागदावर सही करू नये. वकील व न्यायालयीन तपासणी मागावी. पासपोर्ट, व्हिसा व नोकरीच्या कराराच्या प्रती घरीही जपून ठेवाव्यात. हरदियाल सिंग यांच्या प्रकरणात कागदपत्रांचाच खोळंबा झाला होता.

परदेशातील आपल्या मुलासाठी जी न्याय्य वागणूक आपण मागतो, तीच आपल्या देशात बंदिस्त असलेल्या परक्या मुलाला मिळावी, हे मान्य करणे म्हणजे संविधानातील ‘व्यक्ती’ हा शब्द आचरणात आणणे होय. आपल्या विद्यार्थ्यांनी हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थासह शिकावा.