दह्यातले आम्ल

कोमट दुधात विरजण लावतात. विरजणात बारीक जंतू असतात. ते दुधातली साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. त्याला लॅक्टिक आम्ल म्हणतात. त्यानेच दही घट्ट नि आंबट होते. स्वीडन देशात शेले नावाच्या शास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. आपण जोरात पळालो की आपल्या स्नायूंतही ते तयार होते.

हे आम्ल पितळेला मात्र खाते. भांड्याला कल्हई नसेल तर पितळेतले तांबे ताकात उतरते. ताक कळकते. असले ताक प्यायले तर मळमळते, उलट्या होतात. आजी म्हणते, "कल्हई उडाली की ताकाला मडकंच बरं." मित्रांनो, आज घरी गेल्यावर ताकाचे भांडे आतून बघा.