जावईबापू, फाइल तुमच्याकडे

नववा लागला की पोरीला काय खा, कुठल्या कुशीवर झोप हे सांगायला सगळी आळी येते. दवाखान्यात कसं वागायचं ते मात्र कुणी सांगत नाही. मी उभी नोकरी सिव्हिलच्या बाळंतीण वॉर्डात काढली, तेव्हा आत्या म्हणून आणि सिस्टर म्हणूनही तुम्हा दोघांना सांगते.

जावईबापू, फाइल तुमच्या ताब्यात. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट तारखेने लावा. वरच्या पानावर ठळक लिहा: रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, कशाची ॲलर्जी. रात्री अडीचला ड्यूटीवर भलतेच डॉक्टर असतात, त्यांना कागद चाळत बसवू नका. हिचा गट निगेटिव्ह आहे. बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर हिला अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळायला हवं. दिलं का, हे तोंडाने विचारा.

बॅगेचा फार घोळ नको. धुतलेली मऊ दुपटी, टोपडं, पुढून उघडणारे गाऊन, पॅड, बस. सोनं घरी. नेलपॉलिश काढून टाक गं, बोटाला लावतात त्या यंत्राला ऑक्सिजन नीट वाचता येत नाही.

पहिलटकरणीच्या कळा तासन् तास चालतात, पहिल्या कळेला धावायचं कारण नाही. पण पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघायची नाही. पाणी किती वाजता गेलं आणि रंग काय होता हे लक्षात ठेवा. हिरवट असेल तर पोचल्या पोचल्या ते आधी सांगा. गाडी नसेल तर १०८ लावा.

लेबर रूममध्ये सोबत कोण चालेल, हे आधीच विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून सोबतिणीला आत घ्यायचं धोरण आहे; खासगीत काही ठिकाणी नवऱ्यालाही घेतात. आत जाणारी बाई शांत डोक्याची निवडा, नात्याने जवळची आहे म्हणून रडूबाई नको. आणि कळा देताना कुणी खेकसलं तर खाली मान घालून ऐकू नकोस. खाटा भरलेल्या आणि सिस्टर दोघी, असं असलं की आवाज चढतो, मला ठाऊक आहे. तरी बाळंतिणीवर हात उगारणं, टोमणे मारणं याला माफी नाही.

सिझर म्हणाले तर दोन प्रश्न विचारा: आत्ता का? थांबलो तर काय होईल? पण बाळाचे ठोके पडताहेत असं सांगितलं, तर मामा-काकांना फोन लावत बसू नका. सही करा.

बाळ झालं की पहिल्या तासात अंगाशी घे, चीक पाज. सिझर झालं असलं तरी सिस्टरच्या मदतीने पाजता येतं. सासूबाई चांदीच्या वाटीत मध घेऊन उभ्या असतील. त्यांच्या पाया पडा आणि वाटी बाजूला ठेवा. मध नाही, साखरपाणी नाही, गुटी नाही. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही.

तेव्हा एक हमखास घडतं. सगळं गणगोत बाळाभोवती गोळा होतं आणि बाळंतीण खाटेवर एकटी. जावईबापू, तुम्ही हिच्यापाशी बसा. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, गरगरायला लागलं, तर लगेच सिस्टरला हाक मारा. ‘होतंच असं’ म्हणणाऱ्या मावश्यांचं ऐकू नका. बाळाच्या हातापायावरची आईच्या नावाची पट्टी एकदा डोळ्यांनी वाचून घ्या.

आता पैशाचं. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर का, ते विचारा. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी, असा बक्षिशीचा दर मी माझ्या वॉर्डातच ऐकलाय, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकाला गेलीय. दमडी देऊ नका. आयाबाईंनी मनापासून केलं असेल तर घरी निघताना डिंकाच्या लाडवांचा डबा द्या, मुलगा असो की मुलगी.

निघण्यापूर्वी बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बची लस कार्डावर लिहिलीय ना, बघा. कावीळ-बची लस पहिल्या २४ तासांत द्यायची असते. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. त्यासाठी बारशाची वाट बघू नका, बाळाचं नाव नंतर घालता येतं. आई-बापाच्या नावाचं स्पेलिंग मात्र आधार कार्ड समोर धरूनच लिहून द्या. दाखल्यातली एक चूक दुरुस्त करायला पुढे फार हेलपाटे पडतात.