कोअर जास्त की वेग जास्त?

प्रश्न : ऑरॅकल एंटरप्राइझ एडिशनसाठी सर्व्हर घेतोय. ३२ कोअरचा प्रोसेसर १६ कोअरवाल्यापेक्षा थोडाच महाग आहे. मोठाच घ्यावा का?

उत्तर : घाई करू नका. लायसन्सचं बिल कोअर मोजून येतं. इंटेल-एएमडीच्या चिपसाठी ऑरॅकलचा कोअर फॅक्टर ०.५ आहे, म्हणजे ३२ कोअरला १६ लायसन्स, १६ कोअरला ८. एकाची छापील किंमत ४७,५०० डॉलर, वर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट. (सवलत मिळते, पण घासाघीस करावी लागते.) त्यापुढे चिपच्या दरातला फरक किरकोळच. कमी कोअरचा, जास्त गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घ्या. काम आटोपशीर असेल तर स्टँडर्ड एडिशन २ पाहा. तिथे सॉकेट मोजतात, मात्र एका वेळी १६ थ्रेडच वापरता येतात.