व्यायामानंतर लघवी काळपट झाली तर

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की सोलापुरातली मैदानं उजाडायच्या आधीच भरू लागतात. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडची मुलं शहरात खोली घेऊन राहतात, अकॅडमी लावतात. मैदानी चाचणीला 50 गुण, त्यात 1600 मीटरची धाव. राज्य राखीव दलात जायचं असेल तर 5 किलोमीटर. हातात दिवस थोडे, आणि मागचे कित्येक महिने लेखीच्या अभ्यासात बसून गेलेले. मग पहिल्याच आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ग्राउंड आणि वर शेकडो बैठका. नेमक्या याच टप्प्यावर गाठणारा एक आजार आहे, ऱ्हॅब्डोमायोलिसिस. बहुतेक घरांत त्याचं नावही कोणी ऐकलेलं नसतं, म्हणून आज त्यावर लिहितो आहे.

झेपेल त्यापेक्षा फार जास्त ताण पडला की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातला ऐवज रक्तात उतरतो. त्यातलं मायोग्लोबिन हे लालसर प्रथिन मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकून त्यांना इजा करतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि जीव जातो तो बऱ्याचदा यामुळेच. 1941 मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेली माणसं जिवंत बाहेर काढली गेली, आणि काही दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ते तेव्हा नोंदवून ठेवलं. 1993 च्या किल्लारी भूकंपातले कित्येक जखमी सोलापूरला आणले गेले होते. ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसाच्या लघवीवर डॉक्टर लक्ष ठेवतात ते याच कारणासाठी. ढिगाऱ्याखाली स्नायूंचं जे होतं, तेच अंगावर वीटही न पडता व्यायामानं होऊ शकतं.

आणि ते फक्त नवख्यांना होतं असं नाही. जानेवारी 2011 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले 13 खेळाडू एकाच वेळी रुग्णालयात दाखल झाले. सगळे तयारीचे, धडधाकट. सुमारे तीन आठवड्यांच्या सुट्टीवरून परतल्यावर त्यांच्याकडून खांद्यावर वजन घेऊन 100 बैठका, त्याही घड्याळ लावून, करून घेतल्या होत्या. सुदैवानं सगळे बरे झाले. मला या घटनेत महत्त्वाची वाटते ती सुट्टी. शरीर मेहनतीला सरावतं, तसं ते सरावातून बाहेरही पडतं. मनाला मात्र जुना आकडा आठवत असतो, आणि मुलगा थेट त्याच आकड्यापासून सुरुवात करतो.

वजन उचलण्यापेक्षा सावकाश खाली आणताना, बैठकीत खाली जाताना, उतारावर धावताना स्नायू ताणलेल्या अवस्थेत जोर लावतो, आणि पेशींना जास्त इजा तेव्हाच होते. त्यात आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा 42 अंशांच्या वर जातो. दिवसभर तापलेलं मैदान पहाटेही पुरतं निवत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्तही कमी होतं, आणि मायोग्लोबिन तिथंच साचतं. कुस्तीत वजनगट गाठण्यासाठी पाणी तोडणाऱ्या, प्लास्टिकचा सूट घालून घाम काढणाऱ्या पैलवानांना मी हे मुद्दाम सांगतो. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण वजन उतरवताना मेले. त्यांतल्या एकाचे स्नायू असेच फुटले होते.

ताप अंगात असताना केलेली मेहनत, दारू, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, कॅफीन ठासून भरलेल्या पावडरी, हे सगळं धोका वाढवतं. सिकलसेलचा गुण अंगात असलेल्या मुलांनी, विशेषतः विदर्भ आणि नंदुरबारकडून आलेल्यांनी, प्रशिक्षकाला ते आधीच सांगून ठेवावं. काही जिममध्ये मेफेन्टरमिनचं इंजेक्शन चोरून घेतलं जातं, त्याची मला सर्वात जास्त काळजी वाटते. भूल दिलेल्या रुग्णाचा उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठीचं ते औषध आहे. ते घेतलं की थकवा कळत नाही, म्हणजे थांब म्हणणारी शरीराची खूणच बंद होते. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी त्याचा बेकायदा साठा पकडला आहे. कोणी देऊ केलं तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नका.

आता ओळखायचं कसं? नव्या व्यायामानंतर अंग आंबतं, मांड्या भरून येतात, ते दोन-चार दिवसांत ओसरतं. पण दुखणं सहन होण्यापलीकडचं असेल, स्नायू सुजून टणक झाला असेल, हात कोपरात सरळ होत नसेल, जिना उतरताना पाय धरत नसेल, तर ते नेहमीचं आंबणं नव्हे. लघवी कोऱ्या चहासारखी तांबूस-काळी आली, किंवा फारच कमी झाली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. लघवीचा रंग बदलला नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. पुष्कळ रुग्णांत तो बदलत नाही.

अशा वेळी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणून घेणं ही सर्वात घातक गोष्ट. आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडावर त्या गोळ्या आणखी भार टाकतात. दुखऱ्या भागाला जोरात मालिश नको, आणि घाम काढून दुखणं जाईल म्हणून पुन्हा मैदानावर तर मुळीच नको. घरी बसून तांब्यांमागून तांबे नुसतं पाणी पिणं हाही उपाय नाही, त्यानं रक्तातलं सोडियम घसरू शकतं.

डॉक्टरांना व्यायाम कोणता, किती आणि कधी केला ते नीट सांगा. गोळी, पावडर, इंजेक्शन काही घेतलं असेल तर तेही न लपवता सांगा. रक्तातलं सीके (स्नायूंच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. एरवी दोन-तीनशेच्या आत असणारं सीके या आजारात हजारोंत, कधी लाखाच्या घरात जातं, आणि ते एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. म्हणून पहिली तपासणी फारशी वाईट नसली तरी डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतील, तेव्हा टाळू नका. वेळेत सलाईन सुरू झालं तर बहुतेक तरुण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येते.

वस्तादांना आणि अकॅडमी चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नव्या आणि खंडानंतर परतलेल्या मुलांना पहिले दोन आठवडे निम्म्याहून कमी मेहनत द्या. शिक्षा म्हणून बैठका काढायला लावणं आजपासून बंद करा. आणि ताप येऊन गेलेल्या मुलाला, तो कितीही म्हणाला तरी, त्या आठवड्यात मैदानावर घेऊ नका.