खरा संदर्भ आणि रचलेला संदर्भ: एआयच्या हातातली कार्ड-पेटी

प्रकल्पाचा निबंध लिहून होतो, पण संदर्भसूची घाम काढते. हल्ली आपण ते काम चॅटबॉटवर ढकलतो. तोही लेखक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठ असं सगळं झटक्यात देतो. फक्त कधी कधी तो निबंध कुणी लिहिलेलाच नसतो! मी साहित्य शिकते, म्हणून मला हा प्रश्न आधी भाषेचाच वाटतो.

भाषेचं मॉडेल पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, ते पाहून वाक्य जुळवतं. संदर्भाचा साचा तर अगदी ठरलेला असतो: आडनाव, वर्ष, शीर्षक, खंड, पृष्ठ. साचा हुबेहूब उतरवता येतो, पण आतला मजकूर खरा असेलच असं नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘माटा विरुद्ध एव्हियान्का’ या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यायालयात दाखल केले. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याला दंड होणार नाही कदाचित, पण आपल्यावर विसंबणारा पुढचा विद्यार्थी मात्र फसेल.

यावर उपाय काय? यंत्राला आठवायला सांगायचं नाही, बघायला सांगायचं. जुन्या ग्रंथालयात लाकडी खणांत कार्डं असायची. त्यावर पुस्तक नसायचं, पुस्तकाची नोंद असायची. हाच मेटाडेटा, म्हणजे माहितीविषयीची माहिती. शोधनिबंधांची अशी कार्डं आज क्रॉसरेफ, ओपनअॅलेक्स, सिमँटिक स्कॉलर यांच्याकडे आहेत. क्रॉसरेफ २००० साली सुरू झालं. प्रकाशक स्वतः तिथे नोंदी भरतात. ओपनअॅलेक्स २०२२ चं, त्याचं नाव अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून ठेवलंय.

यातल्या बऱ्याच कार्डांना एक कायमचा क्रमांक असतो, तो डीओआय. उदाहरण घेऊ. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध २५ एप्रिल १९५३ ला ‘नेचर’मध्ये आला. त्याचा डीओआय १०.१०३८/१७१७३७ए० (‘ए’ रोमन लिपीतला). तिरक्या रेघेआधीचा भाग ‘नेचर’च्या प्रकाशकाचा. पुढे नीट बघा: १७१ हा खंड आणि ७३७ हे पृष्ठ! सगळेच डीओआय असे बोलके नसतात, पण प्रत्येक एकाच नोंदीकडे नेतो.

आता ‘एजंट’ म्हणजे काय? नुसतं उत्तर न देता मध्येच एखादं साधन वापरणारा एआय. आपण त्याला विचारतो, “हा निबंध खरा आहे का?” तो शीर्षक किंवा डीओआय साधनाकडे पाठवतो. साधन क्रॉसरेफला विचारतं. तिथून लेखक, वर्ष, नियतकालिक अशी खणाखणांत मांडलेली नोंद परत येते. एजंट ती वाचून उत्तर देतो. अशी साधनं एआयला जोडायची एक समाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली.

इथे एक मेख आहे. शीर्षकावरून शोधलं, तर क्रॉसरेफ जवळात जवळच्या नोंदी क्रमाने देतं. त्यातली एखादी आपलीच असेल असं नाही. म्हणून एजंटने, आणि आपणही, शीर्षक, लेखक, वर्ष हे तिन्ही ताडून पाहायचं. शिवाय निबंध मागे घेतला गेलाय का, हेही बघायचं. नोंदीत ते बऱ्याचदा सापडतं.

दुसरी मेख आपल्या घरची. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्याचे कर्ते कुठे थॉमस स्टीफन्स, कुठे तोमास एस्तेव्हांव, कुठे नुसते फादर स्टीफन्स. ग्रंथाचं नावही कुणी ‘क्रिस्तपुराण’ लिहितं, आणि रोमन लिपीत त्याची आणखी रूपं होतात. माणसाला कळतं की हे सगळे एकच. यंत्राला प्रत्येक वर्तनी वेगळी. हयात संशोधकांसाठी ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळख-क्रमांक आहे, पण तो ज्याचा त्याने नोंदवायचा असतो. सतराव्या शतकातल्या कवीला तो कुठून मिळणार? अशांसाठी ग्रंथालयांच्या नामसूच्याच कामी येतात. त्यात एका माणसाची सगळी नावं एकत्र बांधलेली असतात.

त्यात आपल्या कितीतरी मराठी नियतकालिकांच्या जुन्या अंकांना डीओआयच नाही. एजंट म्हणेल, “सापडलं नाही.” याचा अर्थ “अस्तित्वात नाही” असा मुळीच नव्हे. त्या पेटीत कार्ड नाही, एवढंच. ते ऐकून कुणी मराठी संदर्भ गाळून टाकला, तर खोट्या संदर्भाइतकंच नुकसान होतं: तिथे नसलेलं आत येतं, इथे असलेलं बाहेर जातं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एक छोटा स्वाध्याय. आपल्या मागच्या प्रकल्पातले पाच संदर्भ घ्या. डीओआय असेल तर क्रॉसरेफवर टाकून लेखक, वर्ष, शीर्षक ताडा. नसेल तर ग्रंथालयात जाऊन अंक हातात घ्या आणि खंड, अंक, पृष्ठ, लेखकाच्या नावाची देवनागरी आणि रोमन वर्तनी वहीत लिहा. ती वही मंडळाकडे जमा करा. आपल्या भाषेची कार्डं आपण लिहिली नाहीत, तर कुठलाही एजंट ती शोधून काढणार नाही.

आणि नोंद खरी ठरली म्हणून काम संपत नाही. निबंध आहे, एवढंच तिने सिद्ध होतं. त्यात काय म्हटलंय ते कळायला तो वाचावाच लागतो.