शस्त्रक्रियेनंतरचा घाट

कसारा स्थानकात इगतपुरीकडे निघालेल्या कित्येक गाड्या काही काळ थांबतात. त्यांच्या मागच्या टोकाला जादा इंजिने जोडली जातात आणि मगच गाडी थळ घाट चढू लागते. १८६५ साली खुल्या झालेल्या या लोहमार्गावर ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र चढ आहे. पुढचे इंजिन कितीही दमदार असले तरी जड गाडीला मागून रेटा मिळाल्याखेरीज घाटमाथा गाठता येत नाही, हे कसाऱ्यातील लहान मुलालाही ठाऊक असते.

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेविषयी नेमके हेच सांगावयाचे आहे. शस्त्रक्रिया हे पुढचे इंजिन होय. त्यानंतरचे पथ्यपाणी, औषधे, रक्ततपासण्या आणि वैद्यकीय देखरेख हा मागचा रेटा होय. शस्त्रक्रिया मुंबईत, ठाण्यात किंवा नाशकात दोन-तीन तासांत आटोपते. बरे होण्याचे काम मात्र रुग्णाच्या घरी, त्याच्या स्वयंपाकघरात आणि गावच्या आरोग्य केंद्रात चालते. म्हणूनच शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांतील कुटुंबांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हा विषय आपला आहे काय ?

शहापूर व मुरबाड म्हटले की आदिवासी पाडे, भातशेती आणि बालकांचे कुपोषण यांची आठवण प्रथम होते. अशा भागात लठ्ठपणाची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. त्याच पाहणीत जवळजवळ १९ टक्के स्त्रिया व १६ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कृशही आढळले. कृशता आणि स्थूलता या दोन्ही समस्या आज एकाच देशात, एकाच तालुक्यात आणि प्रसंगी एकाच घरात नांदत आहेत. बैठे काम, तेलकट व गोड खाणे, अपुरी झोप आणि अनुवंशिकता यांचा परिणाम शहराच्या वेशीपाशी थांबत नाही.

अतिस्थूलता हा केवळ खादाडपणाचा किंवा आळसाचा परिणाम नव्हे. तो एक दीर्घकालीन आजार आहे आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, सांधेदुखी, झोपेत श्वास अडणे असे विकार त्याच्या पाठोपाठ येतात. आहार, व्यायाम व औषधे यांनी पुरेसा उतार पडत नसेल तेव्हा निवडक रुग्णांना तज्ज्ञ डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. शस्त्रक्रिया कोणास योग्य, हे ठरविण्याचा अधिकार अर्थातच तज्ज्ञांचा आहे.

शस्त्रक्रियेत काय घडते ?

आज प्रामुख्याने दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकला जातो आणि उरलेले जठर एखाद्या अरुंद नळीसारखे होते. यास 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया म्हणतात. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. हीच 'बायपास' शस्त्रक्रिया होय. दोन्हींमुळे अन्न थोडे लागते आणि भुकेशी संबंधित अंतःस्रावांतही बदल होतो. बायपासमध्ये अन्नाचा मार्ग बदलल्याने लोह, कॅल्शियम व काही जीवनसत्त्वे यांचे शोषणही कमी होते.

या उपचाराचा इतिहास बोधप्रद आहे. १९५० च्या दशकात आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया प्रथम केली गेली. वजन झपाट्याने उतरे. परंतु कालांतराने अनेक रुग्णांमध्ये यकृताचे गंभीर विकार व कुपोषण उद्भवल्याने ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराच्या बायपासची पद्धत मांडली व आजच्या शस्त्रक्रियांचा पाया घातला. वजन उतरले म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे, हा धडा वैद्यकशास्त्राने मोठी किंमत मोजून घेतला आहे.

२०१७ साली इजिप्तमधील इमान अहमद या अतिस्थूल महिलेस उपचारासाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोहोचले. वृत्तपत्रांतून रोज किलोंचे आकडे झळकत होते. पुढील उपचारांसाठी त्यांना अबुधाबीस नेण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा आजार अत्यंत गुंतागुंतीचा होता व त्यावरून इतरांविषयी निष्कर्ष काढणे बरोबर नाही. तथापि आकड्यांच्या पलीकडे प्रदीर्घ शुश्रूषेचा भाग किती मोठा असतो, हे त्या प्रसंगाने सर्वांसमोर आणले.

घरी परतताना

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यास रुग्णास बहुधा दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. मुंबईहून कसारा लोहमार्गाने सुमारे १२० किलोमीटर. लोकलने अडीच तासांचा प्रवास. मुरबाडच्या रुग्णास तर कल्याणहून पुढे एस.टी. किंवा खासगी वाहनाचाच आधार. टाक्याच्या जागेतून गळती होणे ही या शस्त्रक्रियेतील गंभीर गुंतागुंत क्वचितच उद्भवते. परंतु उद्भवली तर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. म्हणून शक्य असल्यास पहिले आठ-दहा दिवस कल्याण-ठाण्यातील एखाद्या नातलगाकडे मुक्काम करणे हिताचे. ते शक्य नसेल तर गर्दीची वेळ टाळून, पोटावर दाब येणार नाही अशा रीतीने प्रवास करावा.

घरी आल्यावर अंथरुणाला खिळून राहू नये. एकाच जागी पडून राहिल्यास पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. दिवसातून अनेक वेळा घरात व अंगणात फेऱ्या माराव्यात. मात्र पहिले चार ते सहा आठवडे जड वजन उचलू नये. आपल्या भागात ही सूचना पाळणे सोपे नाही. भातसा व तानसा ही धरणे ज्या तालुक्यात आहेत त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. भरलेला हंडा दहा-पंधरा किलोंचा असतो. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने तो उचलता कामा नये. त्या महिना-दीड महिन्यात पाणी कोण भरणार, लाकूडफाटा कोण आणणार, हे शस्त्रक्रियेच्या आधीच घरातील पुरुषमंडळींनी व शेजाऱ्यांनी ठरवून ठेवावे.

आहाराच्या पायऱ्या

पहिले एक-दोन दिवस पाणी, डाळीचे वरचे निवळ पाणी, शहाळ्याचे पाणी असे पातळ पदार्थ घोट-घोट घेण्यास सांगतात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले सूप, डाळीचे कढण. पुढे मऊ, घोटलेले अन्न. मग मऊ शिजविलेली मुगाची डाळ, उकडलेले अंडे, मासा. दीड ते दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, तेही थोडके. रुग्णालयाने दिलेला तक्ता हाच प्रमाण मानावा. शेजारच्या रुग्णाचा तक्ता आपल्याला लागू पडेलच असे नाही.

भात हे आपल्या भागाचे मुख्य अन्न. परंतु आता जठरात चार-सहा घासांचीच जागा उरली आहे. ती भाताने भरली तर प्रथिनांस वाव राहत नाही. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात सुमारे ८ ग्रॅम आणि मूठभर कोरड्या डाळीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, हा हिशेब मांडला म्हणजे प्रथिने आधी व भात शेवटी हा नियम का पाळावयाचा ते उमगेल. सुरुवातीच्या महिन्यांत अन्नातून एवढी प्रथिने मिळणे कठीण असल्याने डॉक्टर प्रथिनांची पूड देतात. नाचणीची पेज पौष्टिक खरी, पण ती डाळ-अंड्याची जागा घेऊ शकत नाही.

घास लहान घ्यावा, भरपूर चावावा, पोट भरल्याची जाणीव होताच थांबावे. जेवताना व जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. परंतु दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी थोडे-थोडे करून पोटात गेलेच पाहिजे. गोड पदार्थांपासून दूर राहावे. बायपासनंतर विशेषतः गोड खाल्ल्यास घाम, धडधड, चक्कर, पोटात कळ व जुलाब असा त्रास होतो. म्हशाच्या यात्रेत किंवा लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मद्य या रुग्णांना लवकर व अधिक चढते, आणि तंबाखू व विडी जखम भरण्यास अडथळा करतात. ती वर्ज्य समजावीत.

उलट्या आणि सलाईन

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, शस्त्रक्रियेनंतर महिन्या-दोन महिन्यांनी रुग्णास वारंवार उलट्या होऊ लागल्या. आपल्याकडील प्रघात असा की, जवळच्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजचे सलाईन लावून घ्यावयाचे. या रुग्णाच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. उलट अपाय होऊ शकतो. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या होत असल्यास तो संपतो. अशा स्थितीत ब-१ न देता केवळ ग्लुकोज दिल्यास मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही त्याची चिन्हे होत. वेळीच उपचार न झाल्यास स्मरणशक्ती कायमची दुबळी होते किंवा प्राणावरही बेतते.

म्हणून रुग्णाने अथवा नातलगाने डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे की, "पोटाची वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या इतक्या दिवसांपासून आहेत, ग्लुकोजच्या आधी ब-१ द्यावे लागेल का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान नव्हे. जुने कागदपत्र न पाहता रुग्णाचा पूर्वेतिहास डॉक्टरांना कळावा कसा ? रुग्णालयाचे मुक्तिपत्र, शस्त्रक्रियेचे नाव व तारीख आणि शल्यचिकित्सकांचा दूरध्वनी क्रमांक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवावा.

थांबू नये अशी चिन्हे

ताप, नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या वर, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी वेदना, धाप लागणे, छातीत दुखणे, एका पोटरीस सूज व दुखणे, रक्ताची उलटी, काळी शौच, पाण्याचा घोटही न टिकणे यांपैकी काहीही आढळल्यास सकाळच्या लोकलची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय अथवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि त्याच वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयास कळवावे.

जुनी औषधेही आता पूर्वीच्या मात्रेत चालतीलच असे नाही. वजन उतरू लागताच मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची गरज झपाट्याने घटते. जुनीच मात्रा चालू ठेवल्यास साखर किंवा दाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. डॉक्टरांना विचारून मात्रा बदलावी. स्वतःहून बंदही करू नये. सांधेदुखीवरील वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. विशेषतः बायपासनंतर त्यांनी जठरात व्रण होतात.

जन्मभराची सोबत

साधारणतः पहिल्या दोन आठवड्यांत, मग एक, तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करावी लागते. रक्तातील हिमोग्लोबिन, लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य यांची पाहणी त्यात होते. जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणाऱ्या रुग्णास एक-दोन वर्षांनी पंडुरोग, हातापायांस मुंग्या, हाडांची झीज अशा तक्रारी गाठतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले तर घाबरू नये. बहुधा ते पुन्हा येतात, मात्र प्रथिने व लोह यांची तपासणी करून घ्यावी. विवाहित स्त्रियांनी पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी व त्यासाठीच्या साधनाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या खेपांचा व गोळ्यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चात धरलेला नसतो. एक खेप म्हणजे प्रवासभाडे, तपासणीशुल्क आणि दिवसाची बुडालेली मजुरी. तो हिशेब होकार देण्यापूर्वीच मांडावा आणि हिमोग्लोबिन, साखर यांसारख्या साध्या तपासण्या गावाजवळ करून अहवाल शल्यचिकित्सकांकडे पाठविता येतील काय, हेही विचारून घ्यावे. गावातील आशा कार्यकर्तीस विश्वासात घेतल्यास तपासणीच्या तारखांची आठवण राहण्यास मदत होते.

वजन काही काळाने स्थिरावते; थोडे परतही वाढते. त्याबद्दल रुग्णास टोमणे मारणे सर्वथा अनुचित होय. लाजेने तपासणीस जाणे सोडलेला रुग्ण हाच सर्वांत अधिक धोक्यात असतो. घाट चढणाऱ्या गाडीचे मागचे इंजिन मध्येच सोडीत नाहीत. कसाऱ्याच्या माणसाला याहून अधिक काय सांगावे ?